तिथीची जत्रा आणि टायमाचा खेळ : नाशकातले चार दिवस

सातवी माळ

मोहदरी घाट उतरला की घर आलं असं मला अजून वाटतं. नाशिकरोड सोडून वीस वर्षं झाली, आणि ते घरही आमचं नव्हतं, सरकारी क्वार्टर होतं. वडील प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये' म्हटलं की कुठल्या वर्तमानपत्रात, असं कोणी विचारत नाही. प्रेस म्हणजे एकतर स्टॅम्पांची नाहीतर नोटांची.

या वेळी येण्याची कारणं दोन. पहिलं आत्या. "सातवी माळ आलीये, अजून तुझा पत्ता नाही," असा तिचा फोन. दुसरं कारण जरा लाजेचं. गिरणगावच्या करमणुकीवर एका दिवाळी अंकाला लेख देतो म्हणून कबूल करून बसलो होतो. कारखाने आले, शहरं फुगली, मग नाटकगृहं, सर्कशी, सिनेमे कसे आले, असा विषय. पाच पानं झाली होती आणि सहावं हलत नव्हतं. संपादकांनी दसरा ही शेवटची तारीख दिली होती. वही पिशवीत टाकली आणि शिवाजीनगरहून गाडी पकडली.

बिटको चौकात उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आत्या जेलरोडला राहते. तिच्याकडे नऊही दिवस उपवास, त्यामुळे ताटात भगर, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी. जेवून मी नेहरूनगरपर्यंत चालत गेलो. आमची जुनी बिल्डिंग लांबूनच पाहिली. जवळ जाऊन ओळख सांगावी असं तिथे आता कोणी नाही.

इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये इथे उभी राहिली. तोवर हिंदुस्थानातली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. तीन वर्षांनी शेजारी नोटांची प्रेस आली. आधी इथे रेल्वे स्टेशन आणि शेतं, बाकी फारसं काही नाही. गाव नऊ-दहा किलोमीटर लांब, म्हणून १८८९ साली स्टेशनपासून मेनरोडपर्यंत घोड्यांची ट्रामसुद्धा धावायला लागली होती. आत्याचे सासरे ती लहानपणी पाहिल्याचं सांगत. घोडे दमले की उतारू उतरून चालत, असं ते सांगायचे. यात खरं किती आणि सासऱ्यांचं किती, ते आत्यालाही ठरवता आलेलं नाही.

मला आठवते ती शिफ्ट सुटण्याची वेळ. फाटक उघडलं की सायकलींचा लोंढा. दोन मिनिटं रस्ता ओलांडता यायचा नाही. फाटकासमोर भेळवाला, केळीवाला, लॉटरीवाला आणि पगाराच्या दिवशी एखादा माकडवाला, सगळे त्याच दोन मिनिटांसाठी उभे असत. कोणाच्या खिशात किती वाजता पैसा असेल हे त्यांना प्रेसच्या घड्याळावरून कळायचं.

वहीतलं सहावं पान मला इथेच सापडायला हवं होतं, कारण माझा मुद्दा तोच होता. जत्रा आपल्याकडे होतीच. तमाशा, गोंधळ, दशावतार, कुस्तीचा फड, सगळं होतं. पण ते तिथीवर चालायचं. चैत्र पौर्णिमा, पौष वद्य एकादशी. देव बोलावेल तेव्हा माणसं जायची. गिरणी आली आणि माणसाचा वेळ घड्याळाने मोजून विकत घेतला जाऊ लागला. जो वेळ विकला गेला नाही त्याला नवीन नाव मिळालं, सुट्टी. मग ती सुट्टी विकत घ्यायलाही दुकानं निघाली.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी काही वर्षं झुंज दिली आणि १० जून १८९० रोजी रविवार मिळाला. रविवारच का, याला लोखंड्यांकडे आपलं कारण होतं : रविवार हा खंडोबाचा वार. मालक साहेबाच्या चर्चचा रविवार देतोय, कामगार खंडोबाचा घेतोय. मला हा सौदा फार आवडतो.

तिकडे लँकेशायरच्या कापड गिरण्यांमध्येही असंच काहीसं झालं. त्या गावांत 'वेक्स' नावाचा चर्चचा वार्षिक उत्सव असे, आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखा. गिरण्या आल्यावर मालकांनी तो मोडायचा प्रयत्न केला. कामगार त्या दिवसांत येतच नाहीत म्हटल्यावर शेवटी गिरणीच आठवडाभर बंद ठेवायला लागले. मग सगळं गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाऊ लागलं. ज्या आठवड्यात ज्या गावाची वेक्स, त्या आठवड्यात त्या गावाचं ब्लॅकपूल. १८९४ साली तिथे आयफेल टॉवरच्या धर्तीवर मनोरा बांधला, खाली सर्कस आणि पुढे नाचायला दिवाणखाना. देव मागे गावातच राहिला, जत्रा आगगाडीने पुढे गेली.

रात्री हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आमचंही तेच होतं. पहिल्या शिफ्टची माणसं कामावर गेली, नळाचं पाणी गेलं, की आम्ही पाचजणी बारा ते तीनच्या सिनेमाला. लेडीजची खिडकी वेगळी असायची, रांग लहान. तीनला सुटलो की साडेतीनला चहा. तुझ्या काकांना कधी पत्ता लागला नाही."

"कधीच नाही?"

"लागला असेल. बोलले नाहीत."

आठवी माळ

सकाळी शालिमारला उतरून मेनरोडला शिरलो. झेंडूचे ढीग लागायला सुरुवात झालेली. ट्राम जिथून सुटायची ती जुनी म्युनिसिपालिटीची इमारत याच रस्त्यावर. समोर उभं राहून रुळांचा काही माग लागतो का ते पाहिलं. डांबर, त्यावर डांबर, त्यावर एका टेम्पोचं ऑइल.

दुपारपर्यंत सार्वजनिक वाचनालयात होतो. हे सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे 'सावाना', १८४० सालचं. आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, म्हणजे एकाच कुंपणात वाचायची सोय आणि पाहायची सोय. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या दोन्ही सोयी नवीनच होत्या. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत राजाच्या आश्रयाने १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, ते निमंत्रितांसाठी. दहा वर्षांनी हीच मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ करायला लागली. राजा गेला, तिकीट आलं. त्या ग्रँट रोडच्या पट्ट्याला इतकी प्लेहाउसं झाली की लोकांनी त्याचं 'पिला हाउस' करून टाकलं. हे नाव कुठल्या म्युनिसिपालिटीने दिलेलं नाही, पण अजून टिकून आहे.

तिकिटाने काय केलं, हे नाशिककरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. सावानातून निघून मी विजयानंदकडे गेलो. या नाटकगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री किर्लोस्कर नाटक मंडळीचं 'शारदा' होतं. मुंबईला बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी ठेवलेला खेळ. जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडित म्हणत. पण बाबाराव सावरकरांना जन्मठेपेपर्यंत पोचवण्यात त्याचा हात होता, तो राग गावात धुमसत होता. जॅक्सन आत येऊन खुर्चीकडे निघाला आणि औरंगाबादहून आलेल्या अठरा वर्षांच्या अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं.

शाळेत आम्ही हे क्रांतिकारकांच्या धड्यात शिकलो. या वेळी त्या बोळात उभा असताना वेगळाच प्रश्न डोक्यात आला : नाटकगृहच का? कलेक्टरच्या बंगल्याला फाटक, कचेरीला शिपाई, घोडागाडीला पुढेमागे माणसं. साहेबाच्या हातभर अंतरावर एखादा विद्यार्थी कोणी हटकल्याशिवाय बसू शकेल अशा किती जागा त्या वेळच्या नाशकात होत्या? नाटकगृह ही एक. तिथे दर्जे होते, पुढच्या खुर्च्या आणि मागची बाकडी होती, पण सगळे एका छताखाली, एकाच वेळी, एकाच पडद्याकडे तोंड करून. असं आधी होत नव्हतं. मी याचा फार मोठा सिद्धान्त करत नाही. याच गावात त्यानंतर वीस वर्षांनी, २ मार्च १९३० ला, काळारामाच्या दारात आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालूनही दार उघडलं नाही. तिकीटखिडकीने जात मोडली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण देवळाच्या दारात जो प्रश्न विचारला जायचा तो खिडकीवर विचारला तर खिडकीवाल्याचा धंदा बुडाला असता, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी म्हटलं, एक सिनेमा बघूच. मुद्दाम एकपडदा शोधला. नाव सांगत नाही, कारण पुढची हकीकत काही त्यांच्या कौतुकाची नाही. खिडकीत माणूस होता, तिकीट दिलं, मी बाहेर चहा पिऊन परत आलो तर दाराशी आम्ही सहाजण उभे. मशीन चालू करायला किमान दहा माणसं लागतात, असं डोअरकीपरने सांगितलं. आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ होते, पांढरा सदरा, हातात पिशवी. ते म्हणाले, "उरलेली चार मी काढतो." खिडकीतला म्हणाला, "काका, चार तिकिटं नकोत, चार माणसं पाहिजेत." यात तर्क काय होता कोण जाणे. पैसे परत मिळाले. काका मला म्हणाले, या थिएटरात त्यांनी ब्लॅकची तिकिटं घेतलीयेत, बायकोसाठी, लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा. मग पिशवी सावरत भाजी घ्यायला गेले.

मी गंगेवर गेलो. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतात ते पाहुण्यांसमोर, एरवी गंगाच. यशवंतराव पटांगणाच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. दर मे महिन्यात इथे वसंत व्याख्यानमाला होते. फुकट असते आणि माणसं महिनाभर रोज येतात. करमणुकीच्या इतिहासात तिला कुठे बसवायचं ते मला कळलेलं नाही, वहीत समासात टाकून ठेवलं.

नववी माळ

आजचा दिवस फाळक्यांचा. सकाळी लवकर निघून पाथर्डी फाट्याच्या अलीकडे पांडवलेण्यांशी उतरलो. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक, वर लेणी. आधी वर चढून आलो, ऊन व्हायच्या आत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) व्याजाने ठेवली, असा त्यात हिशेब. दोन हजार वर्षांपूर्वी नाशकात विणकर संघटित होते आणि ठेवी घेत होते. गिरणीकामगारांवर लिहिणाऱ्या माणसाला एवढी पायपीट वसूल झाली.

फाळके त्र्यंबकचे. जन्म ३० एप्रिल १८७०. पण ते सिनेमात आले ते छापखान्यातून, ही गोष्ट मला प्रेसवाल्याचा मुलगा म्हणून जवळची वाटते. जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण शिकले, पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाचं काम केलं. त्या छापखान्याने काय केलं होतं? राजवाड्यातली तैलचित्रं दगडावर उतरवून त्यांच्या प्रती काढल्या आणि लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीत आणून टांगली. आत्याकडे जी सरस्वती भिंतीवर आहे, कमळ, वीणा, मोर, ती त्याच घराण्यातली. देवघरातला देव एक असतो. छापील देव पाहिजे तेवढे.

गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना फाळक्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण, राम दिसायला लागले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. माणसाने मग विमा गहाण टाकला, १९१२ मध्ये लंडन गाठलं, विल्यम्सन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं. परत येऊन भांडवलदाराला पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब उगवताना थोडा थोडा टिपून त्याची छोटी फिल्म केली. भांडवल मिळालं. त्यांची बायको सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या, आणि वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या. स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या खाणावळीतला अण्णा साळुंके तारामती झाला. पुढे 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. सीतेचे दंड भरलेले दिसतात याची तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्या जाहिरातीत सिनेमा एकटा नव्हता. नाच होता, विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू होता. म्हणजे भारतातला पहिला कथापट लोकांनी पाहिला तो जत्रेतल्या चार खेळांपैकी एक म्हणून. लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये किंवा अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलमध्येही सिनेमा असाच आला, गाणं आणि कसरत यांच्या मधे चेंगरून. १९०५ मध्ये पिट्सबर्गला, पोलादाच्या गावात, पाच सेंटात नुसता सिनेमाच दाखवायचं दुकान निघालं आणि बघता बघता तशी हजारो झाली. पाच सेंट म्हणजे कामगाराला घरी जाताना परवडेल एवढंच.

आता सुरतेची गोष्ट. फाळके 'हरिश्चंद्र' घेऊन सुरतेला गेले, पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये. तिथल्या लोकांना कमी पैशांत सहा-सहा तास नाटक पाहायची सवय, त्यांना तासाभराच्या खेळाला पैसे टाकणं जिवावर आलं. मग फाळक्यांनी जाहिरात बदलली : ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. लोक लोटले.

ही गोष्ट मी आयुष्यभर ऐकत आलोय. या वेळी स्मारकाच्या हिरवळीवर, डबा खाताना, पहिल्यांदा हिशेब केला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. ५७ हजारांना सोळाने भागलं की साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर. सिनेमाची लांबीही ३,७०० फुटांच्या आसपास सांगतात, म्हणजे छायाचित्रांचा आकडा चोख. पण मैल ५,२८० फुटांचा. दोन मैल सोडा, फाळक्यांच्या फिल्मचा एक मैलही भरत नाही, पाऊणसुद्धा नाही! मी दोनदा भागाकार केला. चित्रं मोजून सांगितली आणि लांबी ठोकून दिली. शेजारच्या बाकावर एक पोरगा मोबाईलवर तीस सेकंदांचे व्हिडिओ अंगठ्याने वर ढकलत होता. त्याला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

त्याच वर्षी फाळके नाशकात आले. मुंबईपेक्षा इथे जागा स्वस्त, ऊन भरपूर, आणि रामायणाला लागतील ते घाट, देवळं, डोंगर आयते. इथे झालेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, या बायकांनी बायकांची कामं केली. मग 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन', हिंदुस्थान फिल्म कंपनी, आणि 'कालियामर्दन', ज्यात कृष्ण झाली होती फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी. प्रेक्षक पडद्याला हात जोडायचे, पैसे टाकायचे. देव तिथीला भेटायचे ते आता रोज, ठरलेल्या वेळेला भेटायला लागले. बोलपट आल्यावर मात्र हे सगळं फाळक्यांच्या हातून सुटलं. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशकातच गेले, जवळजवळ विस्मरणात. १९७१ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं आणि ते छापलं आमच्या प्रेसमध्ये. वडील तेव्हा कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. त्या तिकिटाचा त्यांच्या हाताशी संबंध आला की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

रात्री कालिकेच्या यात्रेला. मुंबईनाक्यापासूनच गर्दी. देवीची रांग दोन तासांची. मी बाहेरून हात जोडले आणि पाळण्यांकडे वळलो. आकाशपाळणा लहानपणी लाकडी होता, दोन माणसं हाताने ओढायची. आता लोखंडी, रंगीत ट्यूबांचा, जनरेटरवर. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं, त्याचा हा पणतू. गंमत अशी की आपल्या जत्रेतला हाताचा पाळणा त्याच्याही आधीपासूनचा. म्हणजे पाळणा आमच्याकडे होताच, मोटर तेवढी बाहेरून आली.

मौत का कुआँच्या शिडीवर चढायला पन्नास रुपये. वर फळ्यांचा कठडा, त्याला पोट टेकून आम्ही शंभरेक माणसं. खाली विहिरीच्या तळाशी दोन मोटरसायकली, एक जुनी चारचाकी, दरवाजे काढलेली. हाही खेळ अमेरिकेतला, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या वाटेने जगभर गेलेला. पोराने किक मारली. आधी तळाशी गोल, मग तिरक्या फळीवर, मग एकदम उभ्या भिंतीवर. फळ्या खटखटायला लागल्या, एकेक फळी त्याच्या चाकाखाली येताना आत दबायची आणि मागून सुटायची, आणि तो धक्का माझ्या पोटात कळत होता. सायलेन्सर काढलेला, धूर, पेट्रोल आणि घाम यांचा एक गरम वास वर येत होता. तिसऱ्या फेरीला त्याने हात सोडले. चौथ्या फेरीला एक पाय हँडलवर ठेवून आडवा झाला आणि लोकांनी कठड्यावरून नोटा धरायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या पोरीने, असेल सात-आठ वर्षांची, बापाच्या खांद्यावरून वाकून दहाची नोट चिमटीत धरली. मोटरसायकल येताना दिसत नाही, फक्त आवाज चढतो. नोट होती आणि नव्हती. पोरगी आपली रिकामी बोटं बघत राहिली.

मी वीसची धरली. घाबरून आधीच सोडली. ती भिरभिरत तळाला गेली आणि तिथल्या पोऱ्याने उचलली.

खेळ संपल्यावर खाली तो मोटरसायकलवाला पाणी पीत उभा होता. उत्तर प्रदेशातला. दिवसाला किती खेळ, विचारलं. गर्दी असली की दर वीस मिनिटाला एक, म्हणाला. इथली यात्रा संपली की सामान ट्रकात, पुढचा मुक्काम ठरलेला. वर्षभराचं कॅलेंडर त्याच्या मालकाकडे असतं, सगळ्या देवांच्या तिथ्यांचं. तिथी देवाची, दर वीस मिनिटाला खेळ कारखान्याचा. माझं सहावं पान हा माणूस पाणी पिता पिता सांगून गेला.

दसरा

सकाळ झेंडूत गेली. तोरणं, शस्त्रपूजेला आत्याची कात्री, विळी आणि काकांचा स्क्रू-ड्रायव्हर. मी ओटीवर बसून चार पानं लिहिली. आत्याने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून दिली, "तुझ्या कामाचं असेल तर बघ." आत वडिलांच्या नाटकाची प्रत निघाली. प्रेसच्या लोकांनी बसवलेलं, कामगार नाट्यस्पर्धेसाठी. जांभळ्या शाईत चक्रमुद्रित, पानं पिवळी. वडिलांचं काम इन्स्पेक्टरचं, वाक्यं अकरा. प्रत्येक वाक्याला पेन्सिलने खूण आणि समासात त्यांच्या अक्षरात : 'इथे घाई करू नये.'

संध्याकाळी आत्यासकट गांधीनगरला. सरकारी छापखान्याच्या वसाहतीतली रामलीला इथे वर्षानुवर्षं होते. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांनी ती इथे रुजवली. संवाद हिंदी, विंगेतली कुजबुज मराठी. मैदानात रावण उभा, दहा तोंडं, मिशा वळवलेल्या. आत्याच्या ओळखीने मला रंगमंचाच्या बाजूला, कनातीपाशी उभं राहायला मिळालं. समोर मैदान भरून माणसं, पुढच्या रांगेत सतरंजीवर पोरं, मागे मोटरसायकलींवर उभी असलेली.

माझ्या शेजारी जिवंत रावण उभा होता. पोटाला जरीचा पट्टा, डोक्यावर मुकुट, एरवी इलेक्ट्रिशियन. त्याचं शेवटचं युद्ध यायचं होतं. तो सारखा कनातीतून मैदानाकडे बघत होता. एकदम त्याचं लक्ष मनगटाकडे गेलं. घड्याळ तसंच होतं. त्याने ते उतरवून माझ्या हातात दिलं.

"जरा धरा. मला मरून येऊ दे."

तो गेला. रामाचा बाण लागला, रावण तीन वेळा पडता पडता उठला, चौथ्यांदा पडला. पोरं ओरडली. बाहेर पुतळ्याला आग लागली, फटाके फुटले, आणि सगळं मैदान मोबाईल उंच धरून उभं राहिलं. आत्याने कानांवर हात ठेवले होते, पण डोळे उघडे.

तो धापा टाकत आला, मुकुट काखेत.

"किती वाजले?"

मी बघितलं. "आठ चाळीस."

"म्हणजे दहा मिनिटं लवकर मेलो," तो म्हणाला, आणि घड्याळ बांधायला हात पुढे केला.